अक्षरांच्या आधीचं वाचन : माधुरी पुरंदरे यांची चित्रपुस्तकं

ऑक्टोबरची छाटणी सुरू झाली की निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागांवर पेठ-सुरगाण्याकडची मजूर कुटुंबं येतात. मोठी माणसं सकाळीच बागेत शिरतात. लहान मुलं शेडच्या सावलीत, पाण्याच्या टाकीजवळ खेळत असतात. गेल्या हंगामात अशाच एका बागेवर मी पुस्तकांची पिशवी घेऊन गेले होते. सहा-सात मुलं गोळा झाली. त्यांतला एक मुलगा असेल पाचेक वर्षांचा. घरी कोकणा बोली बोलणारा. तो बराच वेळ लांबूनच बघत होता. मी माधुरी पुरंदरे यांचं 'चित्रवाचन' उघडून जमिनीवर ठेवलं आणि गप्प बसले.

तो जवळ आला. आधी नुसतं पाहिलं, मग चित्रावर बोट ठेवलं, मग बोलायला लागला. निम्मे शब्द त्याच्या बोलीतले, निम्मे आमच्याकडचे. चित्रातल्या एका बाईला त्याने आपल्या आत्याचं नाव दिलं. ती घाईत का आहे, हेही सांगितलं. पान उलटलं, पुन्हा मागे आला, राहिलेलं सांगितलं. शेवटी पुस्तक मिटून माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाला, "वाचलं."

त्याला एकही अक्षर येत नव्हतं, तरी तो बोलला ते अगदी खरं होतं. त्याने पुस्तक वाचलंच होतं. हे वाचन कसं होतं, ते व्हावं म्हणून पुस्तक कसं रचावं लागतं आणि मराठीत हे काम माधुरी पुरंदरे यांनी किती निगुतीने केलं आहे, ते सांगण्यासाठी हा लेख.

लिहिणारा आणि चित्र काढणारा हात एकच

माधुरी पुरंदरे यांचा जन्म १९५२चा, पुण्याचा. वडील शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे, आई निर्मला पुरंदरे. वडिलांनी आयुष्यभर इतिहासातले भव्य प्रसंग सांगितले. मुलीने विषय निवडला तो घरातल्या लहान मुलाचा साधासुधा दिवस. आईच्या कामाशी मात्र त्यांचं काम सरळ जोडलेलं आहे. निर्मलाताईंनी १९८१मध्ये 'वनस्थळी' ही संस्था उभी केली. खेड्यांतल्या बायकांना बालवाडी चालवण्याचं शिक्षण द्यायचं, हे तिचं मुख्य काम. फळा नाही, खेळणी नाहीत, समोर वीस-पंचवीस मुलं आहेत, अशा बालवाडीत बाईंच्या हातात काय असावं, हा प्रश्न त्या घरात रोजच्या बोलण्यातला होता. 'वनस्थळी'च्या नियतकालिकासाठी माधुरीताईंनी पुष्कळ वर्षं काम केलं.

त्यांचं शिक्षण चित्रकलेचं. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात त्या शिकल्या, पुढे फ्रान्समध्ये शिकल्या आणि पुण्याला परतल्यावर फ्रेंच भाषा शिकवली. पिकासोचं चरित्र लिहिलं, व्हॅन गॉगच्या जीवनावरची 'लस्ट फॉर लाइफ' ही कादंबरी आणि 'हॅनाची सूटकेस' मराठीत आणली. त्या गातात, रंगमंचावरही वावरल्या आहेत. पु. ल. देशपांडे यांच्या 'तीन पैशाचा तमाशा'मध्ये त्यांनी काम केलं होतं. मुलांच्या पुस्तकाशी या सगळ्याचा काय संबंध, असं वाटेल. पण त्यांचं एखादं पान मोठ्याने वाचून पाहा. वाक्य जिभेवर कुठे अडखळत नाही. ज्याला गाणं आणि संवाद कळतो त्याचंच वाक्य असं मोठ्याने वाचण्याजोगं उतरतं. आणि लहान मुलाची पुस्तकं तर नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजातूनच त्याच्यापर्यंत पोचतात.

सचित्र पुस्तक वेगळं, चित्रपुस्तक वेगळं

मराठीत मुलांसाठी छापलेलं वाङ्मय जुनं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तंजावरला सरफोजी राजांनी 'बालबोध मुक्तावली' या नावाने इसापच्या गोष्टी मराठीत करवून घेतल्या. पुढे 'आनंद' मासिक आलं, साने गुरुजी आले, भा. रा. भागवत आले, 'चांदोबा' आला. यांत चित्रं होती आणि काही फार सुंदर होती. पण ती बहुतेक वेळा गोष्टीच्या सोबतीला येत. चित्र झाकून ठेवलं तरी गोष्ट पुरी कळे. अशा पुस्तकाला सचित्र पुस्तक म्हणावं.

चित्रपुस्तकात तसं करता येत नाही. तिथे अर्धी गोष्ट शब्दांत असते आणि अर्धी चित्रात. नुसते शब्द वाचले तर गोष्ट अपुरी, नुसती चित्रं पाहिली तरी अपुरी.

निफाडचंच उदाहरण घेऊ. पानावर एकच वाक्य आहे असं समजा : आज फार थंडी होती. चित्रात पहाटेची द्राक्षबाग आहे. ओळींच्या मध्ये शेकोट्या धुमसताहेत. कानटोपी घातलेले आजोबा वेलींकडे बघताहेत आणि शेकोटीच्या राखेला चिकटून कुत्रं झोपलं आहे. 'थंडीने द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून रात्रभर जाळ केला' हे वाक्यात कुठेही नाही. ते मुलाने चित्रातून ओळखायचं, किंवा "बागेत जाळ का केला?" असं विचारायचं. लेखकाने तेही शब्दांत सांगून टाकलं तर चित्रात शोधायला काही उरत नाही. शोधायला काही नसलं की मूल चित्रावरून नजर फिरवून पान उलटतं.

म्हणून चित्रपुस्तकाच्या लेखकाला काय लिहू नये हे आधी कळावं लागतं. आपल्याकडची रीत अशी की लेखक संहिता देतो, प्रकाशक ती चित्रकाराकडे पाठवतो आणि कित्येकदा दोघांची भेटही होत नाही. मग चित्रकार वाक्यात आहे तेच पुन्हा काढतो. वाक्यात लाल चेंडू असेल तर चित्रात लाल चेंडू. लिहिणारा आणि चित्र काढणारा एकच असला की तो स्वतःचं वाक्य खोडू शकतो, कारण ते काम चित्राने केलेलं त्याला दिसत असतं. माधुरीताईंच्या पुस्तकांत शब्द इतके मोजके का, याचं उत्तर इथे आहे.

जगातल्या मोठ्या चित्रपुस्तककारांचंही असंच आहे. बिअॅट्रिक्स पॉटर यांचं ससुल्याचं पुस्तक १९०२मध्ये प्रकाशित झालं. शब्द त्यांचे, चित्रं त्यांची आणि पुस्तक मुलाच्या हातात मावेल एवढं लहान असावं हा आग्रहही त्यांचाच. अमेरिकेतल्या मॉरिस सेंडाक यांनी १९६३मध्ये 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' केलं. त्यात एक रागावलेला मुलगा मनातल्या मनात राक्षसांच्या बेटावर जातो. सुरुवातीला पानावर चित्र लहान आणि भोवती कोरी जागा मोठी आहे. मुलाची कल्पना रंगत जाते तसं चित्र वाढत जातं, आणि दंगा ऐन भरात येतो तेव्हा सलग तीन जोडपानं नुसती चित्रांची आहेत. त्या पानांवर एक शब्दही नाही. हा निर्णय एकाच माणसाच्या डोक्यात होऊ शकतो.

फर्मा आणि पान उलटण्याची युक्ती

चित्रपुस्तक लांबीने मनाला येईल तसं करता येत नाही, कारण ते कागदाच्या तावातून जन्मतं. छापखान्यात एका मोठ्या तावावर दोन्ही बाजूंना पानं छापतात, त्याच्या घड्या घालतात आणि कापतात. त्यातून आठ किंवा सोळा पानांचा फर्मा निघतो. म्हणून अशी पुस्तकं सोळा, चोवीस, बत्तीस पानांची असतात. एक पान वाढवायचं म्हटलं तरी हिशेब कोलमडतो. शीर्षकाची आणि श्रेयनामावलीची पानं सोडली की गोष्टीला दहा-बारा जोडपानं मिळतात. त्यात ती सुरू व्हायची, अडायची आणि सुटायची.

या चौकटीतलं सगळ्यांत मोठं हत्यार म्हणजे पान उलटणं. उजव्या पानाच्या शेवटी प्रश्न उभा करायचा आणि उत्तर पलटीवर ठेवायचं. मुलाचा हात पानाच्या कोपऱ्याकडे जातो तो क्षणभर त्याचं डोकं पुढचा अंदाज बांधत असतं. तो बरोबर आला तर आनंद होतो आणि चुकला तर त्याहून जास्त. पुढे काय होईल याचा अंदाज बांधत जाणं हा वाचनाचा कणा आहे. मोठेपणी रहस्यकथा वाचताना किंवा विज्ञानातला धडा समजून घेताना आपण तेच करतो. मुलाला ते अक्षरांच्या आधी चित्रपुस्तक शिकवतं.

रोजचा दिवस हीच गोष्ट

'हात मोडला', 'कंटाळा', 'मामाच्या गावाला', 'मोठी शाळा', 'सख्खे शेजारी', 'बाबाच्या मिशा'. माधुरीताईंच्या पुस्तकांची ही नावंच वाचा. यात राजा नाही, परी नाही, खजिना नाही. 'राधाचं घर' या संचात राधा आहे आणि तिच्या घरातली माणसं आहेत. 'बाबाच्या मिशा'मधल्या अनूला बाबाच्या मिशीचं भारी कौतुक आहे. एवढ्याशा गोष्टीवर पुस्तक उभं राहतं.

मुलांना अद्भुत हवं असतं हे खरं आहे आणि 'परी, मी आणि हत्ती'सारखी पुस्तकंही त्यांनी लिहिली आहेत. पण चार-पाच वर्षांच्या मुलाला अजून रोजचंच पुरतं कळलेलं नसतं. आजी दुपारी का झोपते, पाहुणे गेल्यावर घर एवढं शांत का वाटतं, कंटाळा आला की नेमकं काय होतं, हे त्याच्यासाठी परीच्या महालाइतकंच नवं असतं. आपल्या आयुष्यातली गोष्ट पुस्तकात छापलेली दिसली की मुलाला आपलं आयुष्य मोलाचं वाटतं. त्यासाठी कोणताही उपदेश लागत नाही. माधुरीताईंच्या पुस्तकांच्या शेवटी तात्पर्य सापडत नाही ते म्हणूनच. मूल समजूतदार आहे असं धरूनच त्या लिहितात.

चित्रांतही तेच आहे. त्यांची माणसं जाहिरातीतल्यासारखी गोरीगोमटी, घोटीव नसतात. कुणी जाड, कुणी टकलू, कुणाचा चष्मा नाकावर घसरलेला. घरात घर असतं, म्हणजे वस्तू असतात आणि त्या वापरातल्या असतात. मुलं चित्रातल्या माणसापेक्षा त्याच्या मागच्या वस्तूंवर जास्त वेळ थांबतात, हे मी पुन्हापुन्हा पाहिलं आहे. कुणाला कोपऱ्यातलं मांजर सापडतं, कुणाला दारामागची चप्पल. मोठा माणूस चित्राचा विषय बघतो, मूल अख्खं चित्र बघतं. या नजरेचा मान राखून काढलेलं चित्र दहाव्यांदा पाहतानाही काहीतरी नवं देतं.

चित्र वाचायचं म्हणजे काय करायचं?

'चित्रवाचन' या नावातच त्यांची भूमिका आहे. चित्र ही वाचायची गोष्ट आहे. चित्र वाचताना मूल चार कामं करतं. दिसतं त्याला नाव देतं. दोन गोष्टींचा संबंध लावतं : छत्री आहे म्हणजे पाऊस असणार. न दिसलेलं ताडतं : हा मुलगा रडतोय म्हणजे आधी काहीतरी झालं असणार. आणि हे सगळं ओळीने सांगतं. पुढे धडा वाचतानाही हीच चार कामं करावी लागतात, फक्त चित्राच्या जागी अक्षरं येतात. ज्या मुलाला अक्षरं जोडता येतात पण ही कामं येत नाहीत, ते घडाघडा वाचतं आणि काय वाचलं असं विचारल्यावर गप्प बसतं. असं मूल प्रत्येक शिक्षकाने पाहिलेलं असतं.

कल्पना तशी जुनी आहे. योहान कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने १६५८मध्ये मुलांसाठी चित्रांचं पाठ्यपुस्तक काढलं, कारण मुलाने वस्तू डोळ्यांनी पाहिल्यावर शब्द मनात ठसतो, असं त्याचं म्हणणं होतं. आपल्या काळात अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांचे दोन गट केले. दोन्ही गट मुलांना चित्रपुस्तकं वाचून दाखवत. एका गटाला एवढंच जास्तीचं शिकवलं होतं : नुसतं वाचत जाऊ नका, मोकळे प्रश्न विचारा, मुलाच्या उत्तरात आपला एखादा शब्द घालून ते पुढे न्या. महिन्याभरातच त्या मुलांचं बोलणं दुसऱ्या गटातल्या मुलांच्या कितीतरी पुढे गेलं.

मोकळा प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' नसतं. "हे मांजर आहे का?" हा बंद प्रश्न. "या मांजराचं काय चाललंय?" हा मोकळा. मूल म्हणालं, "पळतंय." तर आपण म्हणायचं, "हो, घाबरून पळतंय. कशाला घाबरलं असेल?" यात परीक्षा नाही, चुकीचं उत्तर नाही. मूल आपल्या बोलीत बोललं तर ते थांबवायचं नाही. तोच शब्द आपण घ्यायचा आणि आपला शब्द शेजारी ठेवायचा. घरची बोली वेगळी असलेल्या मुलाला बिनशब्दांचं चित्र जी मोकळीक देतं ती दुसरं कोणतंच पान देत नाही. बागेवरच्या त्या मुलाला मी पाठ्यपुस्तक दिलं असतं तर तो पहिल्या ओळीलाच हरला असता. चित्रापुढे त्याची बोली आणि माझी बोली एकाच पायरीवर उभ्या होत्या.

चित्रापासून साहित्यापर्यंत

माधुरीताईंच्या कामाचा पल्ला इथे थांबत नाही. मूल वाचायला लागलं की त्याच्या पुढच्या पायरीसाठी त्यांनी 'वाचू आनंदे' संपादित केलं. बालगटासाठी दोन आणि कुमारगटासाठी दोन असे त्याचे चार भाग. मराठीतल्या निवडक लेखकांचे गद्य-पद्य उतारे, त्यांच्या जोडीला भारतीय चित्रकारांची चित्रं, आणि भाषेशी खेळायला लावणारे प्रश्न. तेव्हा या पुस्तकातही चित्र वाचायचंच आहे, फक्त आता ते मोठ्या कलावंताचं आहे. त्याही पुढे 'लिहावे नेटके' आहे. त्यात मराठी व्याकरण आणि लेखन असं मांडलं आहे की मुलाला नियम पाठ करावा लागत नाही, तो उदाहरणांतून हाताला लागतो.

म्हणजे अक्षरं न येणाऱ्या तीन वर्षांच्या मुलापासून नीट लिहू पाहणाऱ्या किशोरापर्यंतचा सगळा रस्ता एका व्यक्तीने बांधला आहे. ज्योत्स्ना प्रकाशनाने यांतली बरीचशी पुस्तकं काळजीने छापली, हेही नोंदवायला हवं. माधुरीताईंना २०१४मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, तो त्यांच्या बालसाहित्यातल्या एकूण कामगिरीसाठी. २०१६मध्ये टाटा ट्रस्ट्सचा 'बिग लिटल बुक' पुरस्कार सुरू झाला आणि लेखकासाठीचा पहिलाच मान त्यांना मिळाला.

मला स्वतःला त्यांचं मोठेपण वाटतं ते वेगळ्याच गोष्टीत. मुलांसाठी लिहिणं हे मोठ्यांच्या लेखनातून उरलेल्या वेळेचं काम आहे, असं आपल्याकडे वर्षानुवर्षं धरलं गेलं. चित्रकला शिकलेल्या, फ्रेंच जाणणाऱ्या, गाणाऱ्या, चरित्र लिहिणाऱ्या या बाईंनी ते सगळं भांडवल पाच वर्षांच्या मुलाच्या पायाशी ठेवलं. त्याला जे द्यायचं ते उत्तमच असलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह प्रत्येक पानावर दिसतो.

निफाडच्या घरांसाठी

निफाड हे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचं जन्मगाव. १८४२मध्ये ते इथे जन्मले आणि पुढे मराठी ग्रंथांची वाढ कशी होते आहे, याकडे त्यांनी जातीने लक्ष दिलं. त्या गावात आज द्राक्षाच्या औषधांची दुकानं ओळीने आहेत. मुलांचं पुस्तक घ्यायला मात्र नाशिक गाठावं लागतं. तरी अडून बसण्याचं कारण नाही. प्रथम बुक्सची गोष्टींची पुस्तकं 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठीत फुकट वाचायला मिळतात आणि फोनवरही उघडतात. पण जमेल तेव्हा छापील पुस्तक घ्या. पान हाताने उलटण्यात जी गंमत आहे ती काचेवर बोट फिरवण्यात नाही, आणि पुस्तक पुन्हापुन्हा मागे नेता येतं.

आणखी एक करता येईल. चार कोरे कागद घ्या, मधोमध घडी घाला, घडीवर सुई-दोऱ्याने टाके मारा. सोळा पानांचं पुस्तक तयार होतं. आपल्या तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूरमध्यमेश्वर आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा. हिवाळ्यात तिथे चित्रबलाक, रोहित, नाना तऱ्हेची बदकं येतात. लासलगावचा कांद्याचा लिलाव आहे, द्राक्षाची छाटणी आहे, पहाटेच्या शेकोट्या आहेत. मुलांना ते सगळं दाखवून आणा आणि त्या सोळा पानांवर काढू द्या. चित्राखाली काय लिहायचं ते त्यांना सांगू द्या, आपण फक्त उतरवून घ्या. निफाडच्या मुलांचं पहिलं चित्रपुस्तक असंच होईल.

आज रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं काढा. मुलाला मांडीवर घ्या, एक चित्र उघडा, विचारा, "इथे काय चाललंय?" आणि मग तुम्ही गप्प बसा. पुढचं मूल वाचेल.